होडीतली मुलं, फसवणारे महाराज आणि देवाचा पुरावा

पत्राचा सारांश

सांगली जिल्ह्यातल्या नदीकाठच्या गावातून पन्नाशीला आलेल्या एका ताईंचं पत्र आलं आहे. ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत. घर माळकरी. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात त्या आणि अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई दोन दिवस माडीवर अडकल्या होत्या. पलीकडच्या गावातली चार अनोळखी मुलं होडी घेऊन आली. त्यांनी सासूबाईंना पाठुंगळी घेऊन उतरवलं, कोरड्या जागी पोचवलं आणि नावही न सांगता पुढच्या घराकडे गेली. "देव आहे याबद्दल त्या दिवसापासून मला शंका उरली नाही," असं ताई लिहितात.

दीड वर्षापूर्वी दुसरंच घडलं. ज्या कीर्तनकार महाराजांच्या हातून यजमानांनी माळ घेतली होती, त्यांनीच मठाच्या बांधकामाला म्हणून तीन लाख रुपये उसने नेले. सहा महिन्यांत परत देतो म्हणाले होते, आता फोन उचलत नाहीत. यजमानांनी माळ काढून देव्हाऱ्याच्या खणात ठेवली. "देव असता तर त्याचं नाव घेणारा माणूस असा वागला नसता," एवढं बोलून ते गप्प झाले. पुण्यात शिकणारा मुलगा म्हणतो, तुम्ही दोघंही चुकता, माणूस मदत करतो ती उत्क्रांतीमुळे, यात देवाचा काही संबंध नाही. तो आरतीलाही उभा राहत नाही. ताई विचारतात: माणसांच्या वागण्यावरून देव आहे की नाही हे ठरवता येतं का? आमच्या तिघांत बरोबर कोण? आणि यंदा मी वारीला जाऊ की नको?

उत्तर

ताई,

तुमच्या घरात तीन मतं आहेत, पण रीत एकच वापरली गेली आहे. माणसं कशी वागली ते पाहायचं आणि त्यावरून देवाचा निकाल लावायचा. होडीतल्या मुलांवरून तुम्ही 'आहे' म्हणालात, महाराजांवरून यजमान 'नाही' म्हणाले, मुलाने मदतीचं मूळ शोधलं आणि देवाची 'गरज नाही' असं ठरवलं. भांडण निकालांवर चाललं आहे, म्हणून आपण आधी रीत तपासू.

एका गोष्टीवरून दुसरी न दिसणारी गोष्ट कशी ओळखायची, याची शिस्त आपल्या न्यायशास्त्राने, म्हणजे तर्काच्या जुन्या भारतीय परंपरेने, फार बारकाईने घालून दिली आहे. तिचं नेहमीचं उदाहरण धुराचं. डोंगरावर धूर दिसला की तिथे विस्तव आहे असं आपण खात्रीने म्हणतो. ही खात्री दोन बाजूंनी आलेली असते. चुलीपाशी, शेकोटीपाशी, पेटलेल्या पाचटापाशी आपण धूर आणि विस्तव एकत्र पाहिलेले असतात. आणि तळ्यावर, जिथे विस्तव असूच शकत नाही, तिथे धूर कधी पाहिलेला नसतो. दुसरी बाजू बहुतेक लोक विसरतात. खूण जिथे असायला हवी तिथे असणं पुरेसं नाही, जिथे नसायला हवी तिथे ती नसलीही पाहिजे. शिवाय मुळात तो धूरच आहे ना, हेही बघावं लागतं. पहाटे कृष्णेवर तरंगणारं धुकं लांबून धुरासारखंच दिसतं.

आता तुमचं अनुमान या शिस्तीत बसवून पाहू. 'अनोळखी माणसाची निरपेक्ष मदत' हा धूर आणि 'देव' हा विस्तव. मदत तर खरोखर झाली, सासूबाई वाचल्या, म्हणजे धुक्याचा प्रश्न नाही. अडचण तळ्यापाशी येते. देव असेल तर तुमच्या श्रद्धेप्रमाणे तो सगळीकडे आहे. मग 'इथे देव नाही, आणि बघा, इथे माणुसकीही नाही' असं म्हणायला जागा कुठून आणायची? आणि देव नसेल तर तो कुठेच नाही, म्हणजे चूलही सापडत नाही. तुलनेला दुसरं जगच नसल्याने नियम पक्का करता येत नाही. माणसाच्या वागण्यावरून देव सिद्ध करणारं किंवा खोडणारं प्रत्येक अनुमान इथे येऊन अडतं. तुमचं अडतं, तसं यजमानांचंही अडतं.

यावर लोक बहुतेक वेळा न कळत एक अदलाबदल करतात. देव असलेलं जग आणि नसलेलं जग यांची तुलना जमत नाही म्हणून ते देव मानणारी माणसं आणि न मानणारी माणसं यांची तुलना सुरू करतात. ही तुलना नक्की करता येते, पण तिच्यातून कळतं ते श्रद्धेबद्दल. श्रद्धेने माणूस सुधारतो असं समजा उद्या सिद्ध झालं, तरी ज्याच्यावर श्रद्धा आहे तो आहे की नाही हा प्रश्न होता तिथेच राहतो. श्रद्धेने माणूस बिघडतो असं सिद्ध झालं तरी तेच. घरात वाद होईल तेव्हा एवढं एकच वाक्य जवळ ठेवा: आत्ता आपण देवाबद्दल बोलतोय की देव मानणाऱ्यांबद्दल? निम्मा वाद तिथेच थांबेल.

त्या पुराबद्दल एक गोष्ट लिहायला जड जाते, तरी लिहायला हवी. त्याच ऑगस्टमध्ये, त्याच पुरात, पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला लोकांना बाहेर काढणारी बोट उलटली आणि माणसं बुडाली. त्या बोटीतही माणसं माणसांना वाचवायलाच निघाली होती. वागणं तेच होतं, शेवट वेगळा झाला. तुमची होडी पोचली हा देवाचा पुरावा धरला, तर ब्रह्मनाळच्या घरांना त्याच मापाने काय सांगायचं? तुमचा अनुभव यामुळे खोटा ठरत नाही. पण तुमच्या अनुभवात दोन गोष्टी एकमेकींत मिसळल्या आहेत. एक म्हणजे त्या मुलांनी स्वतःचा जीव धोक्यात घातला. दुसरी म्हणजे तुम्ही वाचलात. मला वाटतं, तुम्हाला हलवून गेली ती पहिली. ती शेवटावर अवलंबून नाही, म्हणून तिला ब्रह्मनाळमुळे धक्का लागत नाही.

आता यजमानांकडे येऊ. त्यांचं वाक्य खरं ठरायला 'जिथे देव, तिथे त्याचं नाव घेणारा सज्जन असणारच' असा नियम लागतो. न्यायशास्त्रात याच्याही जोडीचं उदाहरण आहे. 'जिथे धूर तिथे विस्तव' बरोबर, पण उलटं करून 'जिथे विस्तव तिथे धूर' म्हटलं की चुकतं. लोहाराच्या भट्टीतून काढलेला लालबुंद गोळा पाहा. विस्तव आहे, धूर नाही. धुराला ओलं जळण लागतं, आणि ही मधली अट नजरेआड झाली की अनुमान फसतं. तिला 'उपाधी' म्हणतात. नामस्मरण आणि चांगलं वागणं यांच्यामध्येही अशाच अटी आहेत: माणसाची स्वतःची ठेवण, त्याच्यावर कोणाचा वचक आहे की नाही, पैशांचा हिशेब कोणी मागतं की नाही. महाराजांच्या बाबतीत, तुमच्या पत्रावरून दिसतं ते एवढंच, की वर्षानुवर्षं त्यांच्याकडे कोणी पावतीसुद्धा मागितली नाही.

ज्या परंपरेची माळ यजमानांनी उतरवली, त्या परंपरेने असा नियम कधी सांगितलेलाच नाही. चोखोबांना देवळाच्या दारातून हाकलणारे देवाचेच सेवेकरी होते. 'धाव घाली विठू आता, चालू नको मंद, बडवे मज मारिती' हे त्यांचं गाऱ्हाणं आजही गायलं जातं. मारणारे देवाच्या नावाने मारताहेत, आणि मार खाणारा त्यांची तक्रार त्याच देवाकडे करतो आहे. जोतीराव फुल्यांनी भट-मध्यस्थांवर आयुष्यभर आसूड ओढला, १८७३ मध्ये सत्यशोधक समाज काढला, तरी निर्माणकर्ता नाकारला नाही. त्याला त्यांनी 'निर्मीक' असं वेगळं नाव दिलं आणि मधले दलाल तेवढे काढून टाकले. त्यांचं बरोबर होतं की नाही हा वेगळा विषय. यजमानांना 'महाराज खोटे म्हणून देव खोटा' ही एकच वाट दिसते आहे. महाराष्ट्रात फार मोठी माणसं दुसऱ्या वाटेने गेली आहेत, हे त्यांना माहीत असावं म्हणून सांगितलं.

पण यजमानांच्या बोलण्यात याहून खोल असा एक प्रश्न आहे, आणि तो झटकू नका. देव सर्वशक्तिमान आणि दयाळू असेल, तर त्याच्याच नावावर चाललेली लबाडी तो चालू का देतो? हा प्रश्न महाराजांच्या वागण्यावर थांबत नाही, तो जगातल्या सगळ्या अन्यायाचा प्रश्न होतो. ब्रह्मसूत्रांत, म्हणजे वेदान्ताच्या मूळ ग्रंथात, दुसऱ्या अध्यायाच्या पहिल्या पादात, हा आक्षेप सरळ मांडला आहे: देवावर पक्षपाताचा आणि निर्दयतेचा दोष येतो. त्यावरचं उत्तर असं, की देव जिवांच्या कर्माप्रमाणे फळ देतो, म्हणून दोष येत नाही. हे उत्तर सगळ्यांना पटत नाही. त्याचा एक दुष्परिणाम खेड्यापाड्यांत रोज दिसतो. फसलेल्या माणसालाच 'तुझं मागच्या जन्मीचं देणं होतं' असं ऐकवलं जातं. तुमच्या घरात हे वाक्य कोणालाही बोलू देऊ नका. तीन लाख महाराजांनी नेले आहेत, आणि ते परत मागायचा तुमचा हक्क या जन्माचा आहे.

आता मुलगा. तो सांगतो त्यात तथ्य आहे, आणि ते नीट समजून घेतलंत तर त्याच्याशी बोलणं सोपं जाईल. १९६४ मध्ये हॅमिल्टन या जीवशास्त्रज्ञाने एक साधं सूत्र मांडलं. नातं जितकं जवळचं, त्या पटीत मदतीचा फायदा मोजायचा, आणि तो मदतीच्या खर्चापेक्षा जास्त भरला, तर तशी मदत करण्याची वृत्ती पिढ्यानपिढ्या टिकते. सख्ख्या भावंडासाठी हे माप निम्मं, चुलत-मावस भावंडासाठी आठवा हिस्सा. यातून घरच्यांसाठी केलेला त्याग समजतो. १९७१ मध्ये ट्रिव्हर्सने बिगरनात्यातल्या मदतीचं गणित मांडलं: आज मी तुला, उद्या तू मला. गावातला इर्जिक, पैरा ही पद्धत त्याच जातीची.

'पण ती मुलं तर नातेवाईक नव्हती, परतफेडीची आशाही नव्हती,' असं तुम्ही म्हणाल. मुलाकडे यालाही उत्तर आहे. एकदा वृत्ती तयार झाली की ती ज्यासाठी घडली तेवढ्यापुरती राहत नाही. कावळीण आपल्या घरट्यातलं कोकिळेचं पिल्लू भरवते. चोच उघडून ओरडणाऱ्या पिल्लाला घास द्यायची ओढ तिच्यात स्वतःच्या पिल्लांसाठी आली, पण ती चालते दुसऱ्याच्या पिल्लावरही. माणसात ही ओढ फार लवकर दिसते. २००६ मध्ये वॉर्नेकेन आणि टोमासेलो या मानसशास्त्रज्ञांनी दीड वर्षाच्या मुलांसमोर एक साधा प्रसंग घडवला. एक अनोळखी माणूस दोरीवर कपडे वाळत घालतोय, त्याच्या हातातून चिमटा खाली पडतो, तो वाकून हात पुढे करतो आणि हात पोचत नाही. चोवीसपैकी बावीस मुलांनी, निदान एका तरी अशा प्रसंगात, आपण होऊन मदत केली. शाबासकी नाही, खाऊ नाही. तोच चिमटा त्या माणसाने मुद्दाम फेकला, तर मुलं तशी उठत नव्हती. म्हणजे या माणसाला आत्ता कशाची गरज आहे, हे त्यांना कळत होतं. देव, धर्म, पाप, पुण्य हे शब्द कानावर पडून कळण्याच्या आधीचं हे वय आहे.

इथपर्यंत मुलगा बरोबर आहे. त्याची उडी पुढे चुकते. मदतीची वृत्ती कशी आली हे कळलं, म्हणून देव नाही हे ठरत नाही. आकडेमोड करणारा मेंदूही उत्क्रांतीतूनच आला, म्हणून सात आठे छप्पन्न खोटं होत नाही. एखादी गोष्ट कुठून आली आणि ती जिकडे बोट दाखवते ते खरं आहे का, हे दोन वेगळे तपास आहेत. मुलाने एवढंच सिद्ध केलं की मदतीचा उलगडा करायला देव लागत नाही, म्हणून मदत हा देवाचा पक्का पुरावा धरता येत नाही. तुमचा पुरावा यामुळे ढिला पडतो, त्याचा निष्कर्ष मात्र अजून सिद्ध व्हायचा आहे. हे त्याला सांगा. शिकलेला मुलगा आहे, फरक कळेल.

मदतीबद्दलचा आणखी एक प्रयोग तुम्हा तिघांनाही उपयोगी आहे. १९७३ मध्ये डार्ली आणि बॅटसन या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेत प्रिन्स्टन इथे धर्मोपदेशक होऊ पाहणाऱ्या चाळीस विद्यार्थ्यांवर तो केला. त्यांना एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत भाषण द्यायला पाठवलं. वाटेत एक माणूस दारात वाकून, खोकत, कण्हत पडलेला होता. निम्म्या विद्यार्थ्यांचं भाषणच मुळी बायबलमधल्या, जखमी वाटसरूला मदत करणाऱ्या परक्या माणसाच्या गोष्टीवर होतं. काहींना सांगितलं होतं, अजून वेळ आहे. काहींना सांगितलं, उशीर झालाय, पळा. घाई नसलेल्यांपैकी ६३ टक्के थांबले, मध्यम घाईत ४५ टक्के, फार घाईत फक्त १० टक्के. डोक्यात कोणतं प्रवचन चाललंय यापेक्षा हाताशी वेळ किती आहे, याचा फरक मोठा पडला. म्हणजे ते विद्यार्थी वाईट होते असं नाही. माणसाचं वागणं परिस्थितीच्या अशा लहानसहान गोष्टींनी बदलतं, म्हणून त्याच्यावर देवाच्या असण्या-नसण्याएवढं मोठं ओझं टाकलं की ते पेलत नाही. होडीतल्या मुलांना पाण्याची ओढ माहीत होती, होडी हाताशी होती, आणि ती निघाली. त्यांचं मोठेपण यात जराही कमी होत नाही.

तुमच्या मनात कदाचित आलं असेल, की वागण्यावरून देव सिद्ध होत नाही असं मान्य केलं तर मी नास्तिक झाले का? अजिबात नाही. ही चर्चा आपल्याकडे हजार वर्षांपूर्वी होऊन गेली आहे. मिथिलेच्या उदयनाचार्यांनी 'न्यायकुसुमांजली'त ईश्वर तर्काने सिद्ध करायचा घाट घातला, आणि अदृष्टाच्या, म्हणजे कर्माच्या न दिसणाऱ्या फळाच्या, बाजूने दिलेल्या कारणांत एक कारण 'विश्ववृत्ती' हे दिलं. विश्ववृत्ती म्हणजे सगळ्या जगाचं वागणं. त्यांचं म्हणणं असं: माणसं परलोकासाठी यज्ञ करतात, दान देतात, व्रतं पाळतात, स्वतःचं पोट मारून करतात. हे सगळं निष्फळ म्हणावं, तर सारं जग असं करणार नाही. केवळ दुःखासाठी कोणी करत नाही. डोळ्यांना दिसणारा फायदाही त्यात नाही. कोणा लबाडाने सगळ्यांना फसवलं म्हणावं, तर दुसऱ्यांना फसवण्यासाठी जन्मभर स्वतःलाही तेवढाच त्रास देणारा लबाड कुठून आणायचा? म्हणून या वागण्यामागे न दिसणारं असं काहीतरी आहे. माणसाच्या वागण्यावरून अलौकिकाकडे जाणारी याहून जोरकस मांडणी मी तरी वाचलेली नाही. तुमच्या मनातला युक्तिवाद त्यांनी तुमच्याही आधी, तुमच्याहून कडक करून मांडला आहे.

तरी त्यात फट आहे. ग्रहणात गावंच्या गावं शिजवलेलं टाकून देतात, त्यावरून राहू सिद्ध होत नाही. सगळेच एकमेकांना पाहून तसं करत असतील, तर हजार साक्षीदार मिळूनही साक्ष एकच राहते. आणि कर्माचं न दिसणारं फळ मीमांसकही, म्हणजे वेदांतल्या यज्ञविधींचा अर्थ लावणारे पंडितही, मानत, पण ते वाटायला ईश्वर हवाच असं त्यांना वाटत नव्हतं. सगळ्यांत महत्त्वाचं रामानुजाचार्यांचं. विष्णुभक्तीचा एवढा मोठा आचार्य, पण त्यांनी ब्रह्मसूत्रांच्या भाष्यात अनुमानाने ईश्वर सिद्ध करण्याची रीत सविस्तर खोडून काढली. ईश्वर शास्त्रातूनच कळतो, तर्काने नाही, ही त्यांची भूमिका. तेव्हा 'माझ्याकडे पुरावा नाही, श्रद्धा आहे' असं मुलापुढे म्हणायला तुम्हाला संकोच वाटायचं कारण नाही. युरोपात कांट या जर्मन तत्त्वज्ञानेही १७८८ च्या ग्रंथात जवळपास हाच फरक केला. कर्तव्य काय हे कळायला देव लागत नाही, पण चांगुलपणा आणि सुख यांची कधीतरी गाठ पडेल अशी आशा धरायची असेल, तर देव गृहीत धरावा लागतो. गृहीत धरणं आणि सिद्ध करणं यांत त्याने गल्लत होऊ दिली नाही.

मग 'जे का रंजले गांजले, त्यासी म्हणे जो आपुले, तोचि साधू ओळखावा, देव तेथेचि जाणावा' याचं काय? तुम्ही पत्रात याच ओळी लिहिल्या आहेत. क्रियापदं बघा: ओळखावा, जाणावा. देव आहे की नाही असा प्रश्न तुकोबांनी इथे घेतलेलाच नाही. ज्याने देव मानला आहे त्याने शोध कुठे घ्यायचा, हे ते सांगताहेत. या अभंगात माणसाचं वागणं खूण म्हणून आलं आहे, आणि ती खूण साधू ओळखण्याची आहे. ही कसोटी महाराजांना लावली असती, तर माळ घेण्याआधीच काही प्रश्न पडले असते. पुढे कोणत्याही महाराजांना लावा: मठाचा हिशेब फळ्यावर लागतो का, पावती मिळते का, गरीब भक्ताशी आणि पैसेवाल्याशी बोलण्याचा सूर एकच असतो का, प्रश्न विचारणाऱ्याला उत्तर मिळतं की शाप. वागण्यावरून देव ठरत नसला तरी कोणाच्या हाती पैसे द्यायचे, हे वागण्यावरूनच ठरवायचं.

आता घरात काय करायचं.

पैशांचं आधी, कारण त्याला मुदत आहे. उसने दिलेले पैसे परत मिळवायच्या दिवाणी दाव्याला साधारण तीन वर्षं मिळतात. दीड वर्ष गेलं आहे. बँकेतून दिले असतील तर खात्याचा उतारा काढा. रोख दिले असतील तर त्या वेळी कोण हजर होतं ते लिहून ठेवा. व्हॉट्सअ‍ॅपवरचे निरोप पुसू नका, त्यांचे स्क्रीनशॉट तारखेसकट जपून ठेवा आणि मुलाला त्याची एक प्रत करून ठेवायला सांगा. मग वकिलाकडून स्पीड पोस्टाने नोटीस, पंधरा किंवा तीस दिवसांची मुदत देऊन. सुरुवातीपासूनच परत द्यायचा इरादा नव्हता असं दिसत असेल, आणखी चार घरांकडून तसेच पैसे नेले असतील, तर फसवणुकीची तक्रार पोलिसांत होते. त्या घरांसोबत एकत्र जा, एकेकटं जाऊ नका. चमत्काराचा किंवा दैवी शक्तीचा दावा करून पैसे उकळले असतील, तर २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा लागू होऊ शकतो. त्यात सहा महिने ते सात वर्षं कैद आणि पाच ते पन्नास हजार रुपये दंड आहे, आणि दक्षता अधिकारी म्हणून पोलीस अधिकारी नेमलेले असतात. कीर्तन, प्रवचन, भजन, वारी यांना हा कायदा हात लावत नाही, तेव्हा 'तक्रार केली तर धर्माविरुद्ध गेल्यासारखं होईल' ही भीती मनातून काढा. नुसते उसने नेऊन बुडवले असतील, तर मात्र दिवाणीची वाट जास्त सरळ.

बोलणं त्यानंतर. तिघं एकत्र बसा, पण आरतीच्या आधी किंवा जेवताना नको. रविवारी दुपारी अर्धा तास पुरे. प्रत्येकाने आपलं म्हणणं एका वाक्यात कागदावर लिहायचं, आणि त्याच्या खाली: काय दिसलं तर माझं मत थोडं तरी हलेल? दुसरी ओळ लिहायला जड जाते. ती कोरी राहिली, तर त्या माणसासाठी हा प्रश्न पुराव्याचा नाहीच, आणि हे कळणंही चांगलं. एक नियम पाळा: चांगलं वागणं देवाच्या खात्यावर जमा करायचं असेल तर वाईट वागणंही त्याच वहीत लिहायचं, आणि वाईट धरायचं असेल तर चांगलंही. तुम्हाला आणि यजमानांना, दोघांनाही, हा नियम जड जाईल.

यजमानांचं बोलणं या बैठकीत फार पुढे गेलं नाही तर ताणू नका. त्यांनी पैसे गमावले आहेत, आणि ज्याच्या हातून माळ घेतली तो माणूसही गमावला आहे. देवाबद्दलचा त्यांचा निकाल सध्या त्या दुखण्यातून येतो आहे. त्यांना युक्तिवाद ऐकवण्यापेक्षा नोटिशीच्या कामात सोबत करा.

मुलाला आरतीला उभं राहायची सक्ती करू नका. त्याने निरांजन लावून द्यावं, प्रसाद वाटावा, किंवा काही करू नये, पण आई टाळ घेऊन उभी असताना थट्टा करू नये. एवढं मागायचा तुम्हाला हक्क आहे. त्याच्या बाजूने, 'देवाला मानत नाहीस म्हणून तुझं काही नीट होत नाही' हे वाक्य तुमच्या तोंडून येता कामा नये. परीक्षेच्या वेळीसुद्धा.

होडीतल्या मुलांना तुम्ही नंतर कधी भेटलात, असं पत्रात कुठे दिसलं नाही. पलीकडचं गाव लांब नाही. त्या पुरात होड्या कोणी काढल्या होत्या हे त्या गावात दहा मिनिटांत कळेल. जा, सासूबाईंचं पुढे कसं झालं ते सांगा. देवाचे आभार तुम्ही रोज मानता, पण त्यांच्यापर्यंत काहीच पोचलेलं नाही. जमलं तर त्यांच्या होडीसाठी दोरखंड आणि लाइफ जॅकेटं घ्यायला हातभार लावा. होडीत किती माणसं बसवायची याची मर्यादा ठरवून ती होडीवरच रंगवून घ्यायला सांगा. मुलाला सोबत न्या. या कामात त्याच्या आणि तुमच्या मतांत फरक पडत नाही.

वारीला जा. तुम्ही वारीला जात होतात ती पुरावा गोळा करायला जात नव्हतात, तेव्हा पुरावा ढिला पडला म्हणून चालणं थांबवायचं कारण नाही. फक्त त्या महाराजांची दिंडी सोडा. नवी दिंडी धरताना भिशीचे पैसे, जेवणाचा खर्च आणि ट्रकचं भाडं यांचा हिशेब शेवटी वाचून दाखवतात का, ते आधी विचारून घ्या.

आणि माळ खणात आहे, तिथेच राहू द्या. यजमानांनी कधी स्वतःहून विषय काढला, तर एवढंच सांगा की वारकऱ्यांत माळ ज्ञानेश्वरीवर ठेवून मग गळ्यात घालायची रीत आहे, आणि ज्ञानेश्वरी घरात आहे.